आईची शिफ्ट आणि पोराचं वजन

शिरोली एमआयडीसीतली शिफ्ट संपवून आई घरी पोचायला सहा-साडेसहा होतात. पोरगं त्याआधीच शाळेतून आलेलं असतं. कडाडून भूक लागते ती नेमकी तेव्हाच, आणि हाताशी असतो फरसाणाचा डबा.

अमेरिकेत 2003 साली अँडरसन, बुचर आणि लेव्हिन या अर्थतज्ज्ञांनी आईच्या नोकरीमुळं पोराचं वजन वाढतं का, हाच प्रश्न तपासला. आई आठवड्याला सरासरी 10 तास जास्त काम करत असेल, तर दर 200 मुलांमागे एक-दोन मुलं जास्त जाड दिसली. परिणाम आहे, पण छोटा. तोही तिथल्या सुखवस्तू घरांत ठळक. म्हणून "नोकरी करते, पोराकडं बघत नाही" हे आईला ऐकवणं सरळ अन्याय आहे. घरात बाबा असतात, आजी असते.

सांभाळायचे ते मधले दोन तास. मटकी रात्री भिजत घाला. सकाळी पाणी पूर्ण निथळून ओलसर फडक्यात बांधा. पाणी राहिलं की ती बुळबुळीत होते, वास मारते. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत दुसरा दिवस उजाडतो. वाफवून फ्रीजमध्ये ठेवली की दोन दिवस टिकते. आजीनं वाटीभर गरम करून कांदा, लिंबू आणि मूठभर शेंगदाणे घालून द्यायची. मटकीचा डबा पोराच्या नजरेसमोर, फरसाण माळ्यावर.

मग तासभर खेळ, अंधार पडायच्या आत.

पोराला रोज वजनकाट्यावर उभं करू नका. वाढत्या वयात वजन वाढणारच. तीन महिन्यांनी उंची आणि वजन दोन्ही मोजून डॉक्टरांकडच्या वयानुसार बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) तक्त्यावर बघा.