तुम्ही विचारलंत म्हणून : फुलं काळी काहून पडत नाहीत?

रुखवतात माझ्या दाबून वाळवलेली फुलं चिकटवलेल्या काचेच्या बरण्या मांडल्या की कोणीतरी एखादं फूल नखाने खरवडून बघतंच. मग विचारणा होते, "बाई, आमची फुलं आठ दिवसांत काळी पडतात, तुमची काहून पडत नाहीत?"

ओलीमुळे पडतात. फूल जितकं रेंगाळत वाळेल तितकं काळवंडतं. दव उडाल्यावर तोडायचं आणि तोडल्याबरोबर दाबायचं. मी वावरात जाताना जुनी वही नेते, धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच, फूल तिच्या पानांत ठेवते. घरी आल्यावर आत कोरा कागद, बाहेर वर्तमानपत्राच्या घड्या आणि वर पाटा. गुळगुळीत मासिकाचा कागद नको, तो ओल पीत नाही. पहिले तीन दिवस रोज कागद बदलायचा. कंटाळा करतात तो इथेच. आठ-दहा दिवसांनी फूल गालाला लावून बघा. गार लागलं तर अजून ओल आहे, परत पाट्याखाली. मे महिन्यात हेच काम चार दिवसांत होतं, पण म्हणून उन्हात ठेवू नका, रंग उडतो. पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा मी हातच लावत नाही.

फुलांचं म्हणाल, तर सगळ्यांना पळस हवा असतो. दिसतो सुंदर, पण पाकळी जाड, देठ मखमली. दाबला की तपकिरी होतो. त्याच्यावर मी दोन मार्च वाया घालवले. त्यापेक्षा बोगनवेल घ्या, ती मुळातच कागदासारखी. गोकर्णही चांगली. माझं लाडकं मात्र पराटीचं, म्हणजे कपाशीचं फूल. पहिल्या दिवशी पांढरट-पिवळसर उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. एकाच झाडावरची दोन्ही घेऊन बरणीवर शेजारी-शेजारी चिकटवते. पाकळ्या सुट्या करून, कारण आख्खं फूल बुडाशी जाड असतं.

चिकटवायला फेविकॉल, त्यात निम्मं पाणी. काच साबणाने धुऊन कोरडी करायची, नंतर बोटं लावायची नाहीत. ब्रशने पातळ हात, वर फूल, मधून कडेकडे दाबत हवा काढायची, वरून पुन्हा एक हात. ओलं असताना सगळं पांढरं दिसतं, घाबरू नका. सकाळपर्यंत पारदर्शक होतं. त्यावर वार्निशचे दोन हात.

हे वार्निश मी पहिल्यांदा विसरले होते. मामेबहिणीच्या लग्नात सहा ग्लास दिले. पंगतीच्या गडबडीत कोणीतरी ते बाकीच्या भांड्यांबरोबर टपात टाकले. मामी धावत आली, "अवो, फुलं त पान्यात पोहून राह्यले!" सहा कोरे ग्लास आणि टपात पराटीच्या पाकळ्या. बहीण हसली, मी नाही.

तेव्हापासून ग्लास देत नाही, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या देते. बडीशेप, सुपारी ठेवा, बाहेरून ओल्या फडक्याने पुसा. वार्निश असलं तरी पाण्यात बुडवायची नाही. फुलं फक्त बाहेरच्या बाजूने, तीही काठापासून दोन बोटं खाली, म्हणजे खाण्याच्या जिनसांना गोंद-वार्निश लागत नाही.

सध्या आमच्या धुऱ्याला जवस फुलावर आहे. निळं, इतकं पातळ की वहीतल्या ओळी त्यातून दिसतात. बघायला यायचं तर सकाळीच या, दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. वही घरूनच आणा, माझी भरली आहे.