इं आणि मुं

स्वयंपाकघरातलं जुनं फडताळ मोडून नवं करायचं ठरलं, तेव्हा मिस्त्रीने एक सागाची फळी बाजूला काढून ठेवली. वर्षानुवर्षं तिच्यावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, ते चिकटून बसलं होतं. त्याने ओल्या फडक्याने कागद सोडवला, फळी उजेडात धरली आणि म्हणाला, "मैडम, लकड़ी अच्छी है, रंदा मार दूँ तो चमक जाएगी. पर ये किसने लिखा है? इं... मुं?"

पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या, एका कोपऱ्यातून निघून पंख्यासारख्या फाकलेल्या. एकीच्या टोकाला 'इं', दुसरीच्या टोकाला 'मुं'. अक्षर आईचं. मी त्याला म्हटलं, भिया, तुम्ही जेवून या, मग सांगते रंधा मारायचा की नाही ते.

ही फळी इंदूरची नाही. जोबटची. माझे वडील, ज्यांना आम्ही सगळी भावंडं दादा म्हणायचो, तिथल्या सरकारी शाळेत हेडमास्तर होते. तेव्हा जोबट झाबुआ जिल्ह्यात होतं, २००८ पासून अलीराजपूर जिल्ह्यात आहे. इंदूरपासून सरळ रेषेत एकशे चाळीसेक किलोमीटर, पण सत्तरच्या दशकात धारमार्गे बसने जायचं म्हणजे दिवस मोडायचा. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी यायचं, पावसाळ्यात तिसऱ्या. घरात वीज होती, म्हणजे तारा होत्या. रेडिओ सेलवर चालायचा आणि सेल उतरले की आई ते उन्हात वाळवणासारखे मांडून ठेवायची, पापडांच्या शेजारी. त्याने खरंच काही होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही, पण संध्याकाळी रेडिओ दोन तास जास्त बोलायचा असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं.

ट्रान्झिस्टरच्या पोटात एक काळी कांडी असते, फेराइटची, तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. मध्यम लहरींसाठी तीच त्याची एरियल. कांडी केंद्राकडे आडवी आली तर आवाज खणखणीत, तिचं टोक केंद्राकडे वळलं की आवाज मावळतो. हे दादांनी मला नंतर कधी तरी समजावलं. आईला ते कुणी समजावलं नव्हतं. तिने रेडिओ फिरवून फिरवून, कान लावून, दोन जागा शोधल्या आणि रेघा ओढल्या. रेडिओचं बूड 'इं'च्या रेघेला लावलं की आकाशवाणी इंदूर. 'मुं'ला लावलं की मुंबई. मिस्त्री जेवायला गेला, तेव्हा मी नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक आणून मोजलं. पन्नास अंशांच्या आसपास. मग नकाशात पाहिलं. जोबटहून इंदूरची आणि मुंबईची दिशा, त्यांतला फरक एकशे तीस अंशांच्या आसपास, पण कांडीला पुढचं-मागचं सारखंच, म्हणून रेघांत उरतात ते पन्नासच. आई भूगोलात नापास झालेली होती, हे ती स्वतःच अभिमानाने सांगायची.

'इं' दिवसाचं होतं. मालवा हाउसमधलं हे केंद्र १९५५ च्या मे महिन्यात सुरू झालं, आणि दादांच्या शब्दांत सांगायचं तर त्याने माळव्याला तोंड दिलं. संध्याकाळी नंदाजी आणि भेराजी यायचे. म्हणजे रेडिओतून, पण आमच्याकडे 'आले' असंच म्हणायचे. दोघांचं राम राम व्हायचं, मग अस्सल माळवीत पेरणी, बियाणं, गुरांचे आजार, मंडीतले भाव, मध्येच एकमेकांची फिरकी. माळव्यात सोयाबीन नवीन होतं, गव्हा-हरभऱ्यावर आणि कापसावर वाढलेल्या माणसांना हे पिवळं बी कशाला पेरायचं ते कळत नव्हतं. एखाद्या साहेबाने खादीच्या टोपीत येऊन सांगितलं असतं तर लोकांनी मान डोलावून घरी जाऊन हरभराच पेरला असता. तिकडे तमिळनाडूत एडीटी-२७ नावाचं भात शेतकऱ्यांनी रेडिओवर ऐकून लावलं आणि त्याला 'रेडिओचा तांदूळ' असंच म्हणायला लागले. माळव्यात सोयाबीनला भेराजीचं नाव कुणी दिलं नाही, पण द्यायला हरकत नव्हती.

शाळेचा शिपाई नानसिंग हे दोघे ऐकायला ओट्यावर बसायचा. तो हसायचा, पण भलत्याच ठिकाणी. दादांनी एकदा विचारलं, तर म्हणाला, "साब, ये बोली तो धार वालों की है. मजा आती है सुनने में." म्हणजे आम्ही जिला गावाची बोली समजत होतो, ती नानसिंगला शहराकडची वाटत होती. त्याची बोली भिली. तो ती ऐकायला नव्हे, दुसऱ्याची बोली ऐकायला बसत होता, आपण पाहुण्यांच्या घरी त्यांच्या पद्धतीची आमटी चाखतो तसा. आकाशवाणी आज २३ भाषा आणि १७९ बोलींत बोलते असा तिचाच आकडा आहे. मोठा आकडा आहे. नानसिंगला त्यातली एकच हवी होती. त्याच्या भागात, भाबऱ्याला, चंद्रशेखर आझादांच्या जन्मगावी, सरकारच्या आदिवासी विभागाने भिलीतलं छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र काढलं, ते या शतकात. आवाज दहा-बारा किलोमीटर जाणारा. नानसिंग तोवर राहिला नव्हता.

दादांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण फळीबरोबर त्यांच्या वह्याही इंदूरला आल्या आहेत. आकाशवाणीवर तेव्हा 'धीमी गति के समाचार' असायचे. ज्यांनी ऐकले नाहीत, त्यांना हे खरं वाटणार नाही. बातमी देणारा माणूस एक तुकडा म्हणायचा, थांबायचा, तोच तुकडा पुन्हा म्हणायचा, मग पुढचा. शाळेतल्या शुद्धलेखनासारखं. लहान गावांतल्या वर्तमानपत्रांना वृत्तसंस्थेची तार परवडत नव्हती, त्यांच्या माणसाने रेडिओसमोर बसून लिहून घ्यावं, एवढ्यासाठी ही सोय. दिल्लीतला माणूस कुठल्या तरी खेड्यातल्या, नाव माहीत नसलेल्या माणसाच्या बोटांकडे पाहत वाचत होता. ती बोटं किती वेगाने चालतील, शाई संपली तर काय, याचा हिशेब त्या थांबण्यात होता.

दादा वर्तमानपत्रवाले नव्हते. पण ते रोज बसून लिहून घ्यायचे आणि सकाळी शाळेच्या फळ्यावर खडूने उतरवायचे. मुलांपेक्षा जास्त बाजाराला आलेली मोठी माणसं तो फळा वाचायची, ज्यांना वाचता यायचं नाही त्यांना पाचवीतली पोरं वाचून दाखवायची, आणि त्या पोरांचा भाव तेवढ्यापुरता वधारायचा. वहीत बातम्या हिंदीत आहेत, समासात दादांचं मराठी. "नाव नीट ऐकू आलं नाही. उद्या पाहणे." "सेल गेले." "भाषण फार लांब, दोन ओळींत बसवले." एका ठिकाणी नुसतंच "पाऊस. खरखर." शाळेचे संस्कृतचे गुरुजी पहाटेच आमच्याकडे यायचे, कारण १९७४ च्या जूनपासून संस्कृत बातम्या सुरू झाल्या होत्या आणि त्यांच्याकडे रेडिओ नव्हता. पाच मिनिटांच्या बातम्यांसाठी ते स्नान करून, धोतर नेसून यायचे. चहा मात्र बातम्या संपल्यावरच.

एका पानावर फक्त तारीख आहे. ३१ ऑक्टोबर १९८४. खाली काही नाही. इंदिरा गांधींना सकाळी सव्वानऊच्या सुमाराला गोळ्या लागल्या, परदेशी रेडिओवरून दुपारीच बातमी फुटली होती, आणि आकाशवाणीने मृत्यूची बातमी दिली ती संध्याकाळी सहाला. हे सगळं आता नोंदलेलं आहे. त्या दिवशी बाजारातली माणसं फळ्यासमोर उभी होती. लघुलहरींवर ऐकून आलेला एक शिक्षक दादांना सांगत होता, लिहा, लिहा. दादांनी लिहिलं नाही. आई म्हणायची, ते खडू हातात धरून कोऱ्या फळ्यासमोर उभे राहिले, मग खडू खिशात टाकून घरी आले. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सरकारी माणूस होते म्हणून, की ज्याच्या तोंडून रोज लिहून घेतो त्यानेच सांगावं असा हट्ट, की ती बातमी धीम्या गतीने देता येणारी नव्हती म्हणून. मला यातलं पहिलं कारण खरं असावं असं वाटतं आणि तिसरं असावं अशी इच्छा आहे. आकाशवाणी सरकारचाच आवाज होती, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तिला स्वायत्त करणारा प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि अमलात यायला १९९७ उजाडलं. हवेतल्या लहरी सरकारच्या नाहीत, जनतेच्या आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने मध्येच, १९९५ मध्ये सांगितलं. फळा तोवर दोनदा रंगवून झाला होता.

आता 'मुं'.

'मुं' रात्रीचं होतं. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात, वर गेलेल्या लहरी हवेच्या वरच्या थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि त्याहून वरच्या थरावर आपटून लहरी लांब कुठे तरी खाली येतात. चारशे किलोमीटरवरची मुंबई म्हणून रात्री जोबटला यायची. यायची आणि जायची. आवाज भरतीसारखा वर चढायचा, मग बुडायचा. आई स्वयंपाकघर आवरून, दिवा बारीक करून, रेडिओ 'मुं'वर फिरवून बसायची. रात्रीची 'आपली आवड' लागली, की गाण्याआधी फर्माइश करणाऱ्यांची नावं आणि गावं यायची. आई गाणी गुणगुणायची, पण कान गावांवर. निफाड आलं की मान वर. तिचं माहेर नाशिक जिल्ह्यात होतं.

आणि त्या माहेराची एक आठवण तिच्या मनात घट्ट होती. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळं काढली होती. आठवड्यातून दोनदा गावातली माणसं रेडिओभोवती जमायची, ऐकायची, वाद घालायची आणि आपल्या शंका लिहून केंद्राला पाठवायची. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं यायची. आई परकरातली पोर, तिला आत बसायची मुभा नव्हती, ती चावडीच्या खिडकीखालून ऐकायची. बायकांना कुणी विचारलं नव्हतं, हे तिने आम्हांला दर वेळी न चुकता सांगितलं. पण रेडिओ उत्तर देतो, हे तिने आठ-नऊ वर्षांच्या वयात पाहिलं होतं आणि पुढे आयुष्यभर ती त्यावर विश्वास ठेवून होती.

म्हणून एक दिवस तिने मुंबईला पोस्टकार्ड टाकलं. कुठल्या गाण्याची फर्माइश होती, ते तिने आम्हांला सांगितलं नाही. खाली आपलं नाव, गाव जोबट, जिल्हा झाबुआ, मध्य प्रदेश. दादा हसले. म्हणाले, झाबुआ म्हणजे काय हे त्यांना कळायला दिल्लीला विचारावं लागेल. त्यानंतर तिचं रात्रीचं बसणं कामासारखं झालं. आम्हांला झोपवून ती बसायची. महिना गेला, दोन गेले. सेल लवकर उतरायला लागले, दादांनी कुरकुर केली, कारण त्यांच्या धीम्या बातम्या अर्ध्यावर तुटायच्या. तिने तोड काढली. दिवसाचे सेल आणि रात्रीचे सेल वेगळे. रात्रीचे सेल तिच्या पैशांतून, म्हणजे भाजीच्या पैशांतून वाचवलेल्या.

तिसऱ्या महिन्यात एका रात्री तिने आम्हा सगळ्यांना हलवून उठवलं. "आलं! आलं!" आम्ही डोळे चोळत आलो, तेव्हा रेडिओत कुठलं तरी गाणं पाण्याखालून आल्यासारखं येत होतं. तिने शपथेवर सांगितलं, "आणि झाबुआ..." इथवर स्पष्ट ऐकू आलं, मग आवाज बुडाला, वर आला तोवर गाणं सुरू झालेलं. "नाव ऐकलंस?" दादांनी विचारलं. ती म्हणाली, "नाव माझंच आहे, ते ऐकायचं काय?" दादांनी त्या रात्री चहा केला. स्वतः. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वहीत, बातम्यांच्या शेवटी, समासात बारीक अक्षरात आहे: "मुंबई. झाबुआ. (म्हणे.)"

इंदुरात आता रेडिओची कमी नाही. खासगी एफएम देशात आलं तेव्हा पहिल्या काही शहरांत आपलं इंदूर होतं, २००१ मध्येच. पलासियाला गर्दी किती आणि छप्पन दुकानला नवीन काय, हे मला गाडीत बसल्याबसल्या कळतं. छान बोलतात पोरं. पण मागल्या वर्षी जोबटला जाऊन आले, तेव्हा धार सोडल्यावर थोड्याच वेळात ती सगळी एकापाठोपाठ एक गळाली, शेवटचं वाक्य अर्ध्यावर टाकून. त्यांची जाहिरात जिथे विकली जाते तिथवर त्यांना जायचं असतं, त्यांना दोष देता येत नाही. पुढे नुसती खरखर आणि दोन्ही बाजूंना ताडाची झाडं. माझ्या गाडीच्या रेडिओत मध्यम लहरीच नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये शंभर-शंभर वॉटची ९१ एफएम प्रक्षेपण केंद्रं एकदम सुरू केली, लांबच्या जिल्ह्यांसाठी. मुलगा म्हणाला, आई, फोनवर सगळं येतं की. येतं. त्या घाटात फोनलाही रेंज नव्हती, पण ते मी त्याला बोलून दाखवलं नाही, कारण गाडी तो चालवत होता.

जोबटची शाळा नवीन झाली आहे. फळा पांढरा आहे.

मिस्त्री जेवून आला. मी फळी तशीच त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, रंधा खालच्या बाजूने मारा. तो म्हणाला, "नीचे से कौन देखेगा?" मग त्याने फळी भिंतीला लावून पाहिली, आणि माझ्या लक्षात आलं, की या भिंतीवर 'इं'ची रेघ सरळ शेजाऱ्यांच्या गच्चीकडे जाते आणि 'मुं' फ्रिजकडे. मी त्याला ती उलटसुलट धरायला लावली. दोन-तीनदा. तो बिचारा धरून उभा राहिला.

"थोडी और घुमाओ," मी म्हटलं.