तेझुकांचं ‘बुद्ध’: वाचायचं कसं, उतरवायचं कसं

जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. तिथल्या सतरा नंबरच्या लेण्यातलं विश्वंतर जातक (बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट) ज्यानं सावकाश बघितलंय, त्याला जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुकांची ‘बुद्ध’ ही चित्रकथा हातात घेतल्यावर फारसं परकं वाटणार नाही. भिंतीवर चौकटी नाहीत. तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो आणि आपण प्रसंग जुळवत पुढे सरकतो. तेझुकांनी ते काम चौकटींवर सोपवलं.

त्यांचा जन्म 1928 चा, शिक्षण वैद्यकीचं. 1947 च्या ‘शिन ताकाराजिमा’ या चित्रकथेनं नाव झालं, 1952 मध्ये ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ सुरू झालं. ‘बुद्ध’ 1972 ते 1983 असं चाललं, म्हणजे ऐन पिकलेल्या हातानं काढलेलं. ताट्टा, चाप्रा ही पात्रं त्यांनी स्वतः रचलेली आहेत, त्यामुळे हे चरित्र म्हणून वाचू नका.

आठ खंडांची इंग्रजी आवृत्ती घेतलीत तर एक ध्यानात ठेवा: मूळ जपानी पानं उजवीकडून वाचायची असतात, म्हणून डावीकडून वाचता यावं यासाठी तिची पानं आरशातल्यासारखी उलटवलेली आहेत. मूळ चित्रातला उजवा हात इथं डावा होतो. हातांच्या मुद्रा अभ्यासायच्या तर पानाचा फोटो काढून मोबाईलमध्ये परत उलटवून घ्या.

सुरुवातीचा सशाचा प्रसंग नक्की उतरवून बघा. बर्फात कोसळलेल्या म्हाताऱ्यासाठी अस्वल मासा आणतं, कोल्हा फळं आणतो, ससा रिकाम्या हाती येतो आणि शेवटी आगीत उडी घेतो. पाली जातकात सशाचे सोबती माकड, कोल्हा आणि पाणमांजर, अस्वल तेझुकांचं. संवाद जवळजवळ नाहीतच. सशाच्या उडीआधी तेझुका किती थांबतात, हे हातानं काढल्याशिवाय कळत नाही.

जाड कार्ट्रिज कागदावर 180 बाय 270 मिलिमीटरची बाहेरची चौकट आखा. आतल्या शेजारशेजारच्या चौकटींत 3 मिलिमीटर फट, वरच्या-खालच्या ओळींत 8; फटी सारख्या ठेवल्या तर नजर आडवी जायच्या ऐवजी खाली घसरते. आखताना पट्टीची उतरती कड खाली करा, नाहीतर शाई तिच्याखाली ओढली जाते. टाकाला जी-निब (दाबाप्रमाणे जाड-बारीक रेघ देणारी लवचीक निब) लावा. नव्या निबेवर तेलाचा थर असतो, साबणाच्या पाण्यानं पुसल्याशिवाय शाई धरत नाही. दाबलं की रेघ जाड, सैल सोडलं की बारीक. सशाच्या पाठीची रेघ एका दमात ओढायची, जोडली तर गाठ दिसते.

मे महिन्यात आपल्याकडे खरी पंचाईत शाईची. कोरड्या हवेत ती निबेच्या चिरेत वाळते आणि रेघ मध्येच तुटते. म्हणून कूलरसमोर बसलात तर कागद दमट होऊन शाई फुटते. कूलर दुसऱ्या खोलीत लावा, किंवा सरळ पहाटे बसा. टाक अर्धाच बुडवा, दर पाच-सहा रेघांनी ओल्या फडक्यानं पुसा. काळे भाग सगळ्यात शेवटी भरा. आधी भरले तर तळहाताखाली पुसटतात.