आंगवण नव्हती, तरी चालले

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला, पायी निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: आंगवण, म्हणजे नवस, कसला? मूलबाळ, गल्फची नोकरी, गुडघ्याचं ऑपरेशन, जमिनीचा दावा, काहीतरी कारण हवंच. माझी आंगवण नव्हती. तसं सांगितलं की समोरचा ‘नसेल सांगायचं’ अशी मान हलवून गप्प बसतो.

दुसऱ्या टोकाला पुण्यातली माझी मावसबहीण. लग्नानंतर ती एका प्रार्थनासभेत जायला लागली आणि तिथे पाण्यात बुडवून नव्याने बाप्तिस्मा घेतला. आपल्या तारणाची, म्हणजे उद्धाराची, तारीख तिला वाढदिवसासारखी पाठ आहे. माझी तारीख इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, वहीत आहे. मी तेव्हा पाळण्यात होते, त्यामुळे तिच्या हिशेबी ती तारीख धरायची नाही. निघायच्या आदल्या रात्री तिचा मेसेज आला: “ताई, पाय झिजवून तारण मिळत नाही. इफिस २ वाच, ८ आणि ९.” बायबलमधलं ते पत्र काढून वाचलं. कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे तारण झालं आहे, ते देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही, कोणी आढ्यता बाळगू नये. यात हरकत घेण्यासारखं मला काही सापडेना. गंमत एवढीच वाटली, की आंगवण विचारणारे आणि माझी बहीण यांचं गणित एकच आहे: चालणं म्हणजे देवाला मोजलेली किंमत. त्यांच्या मते ती देवाला पोचते, हिच्या मते पोचत नाही.

३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं, म्हणजे आमच्या गोंयच्या सायबाचं फेस्त, म्हणजे सण. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, रोजची प्रार्थना. सिंधुदुर्गातून, बेळगाव-कारवारकडून पायी येणारे गट याच दिवसांत रस्त्याला लागतात. आमची वाट बांदा, पत्रादेवी, धारगळ, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी, पणजी, रायबंदर अशी, साठेक किलोमीटरची. पुढे टेम्पो, टेम्पोत सायबाची फुलं घातलेली मूर्ती, भोंग्यावर तेर्स (जपमाळेची प्रार्थना), मागे दोन रांगांत आम्ही. अंगात ते चकाकणारे पिवळे जाकीट, कारण हायवेवरच्या ट्रकवाल्याला भक्ती अंधारात दिसत नाही. ‘नमान मारिये, कुर्पेन भरलेले’ म्हणता म्हणता पावलं आपोआप त्या लयीत पडायला लागतात आणि बराच वेळ डोक्यात काहीच येत नाही. तो या चालण्यातला सगळ्यात बरा भाग.

पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी आम्ही टेकलो. १५ ऑगस्ट १९५५ला गोवा सोडवायला निघालेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी इथेच गोळ्या झाडल्या. तिथल्या पायरीवर माझा बूट काढून मावशींनी टाचेवरचा फोड बघितला. मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या वाडीतल्या, कपेलात (छोट्या चर्चमध्ये) कित्येक वर्षं मुलांना दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवणाऱ्या. त्यांनी सुई मेणबत्तीवर धरली, तिच्यात पांढरा दोरा ओवला, फोडाच्या या कडेने घालून त्या कडेने काढला आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी दोऱ्यावाटे झिरपत राहतं, वरची कातडी सोलत नाही. दुखलं अजिबात नाही. वर दमही भरला: “नवे बूट घालून चलाक येतत!”

मी त्यांना बहिणीचा मेसेज दाखवला. चष्मा वर सरकवून त्यांनी दोनदा वाचला. “बरोबरच लिवल्यान हा.”

“मग आपण कित्याक चलतो?”

त्या लगेच काही बोलल्या नाहीत. धारगळच्या चढावर, धाप लागलेली असताना, बोलायला लागल्या. येशूबरोबर वधस्तंभावर खिळलेल्या, त्याच्या उजवीकडच्या चोराची गोष्ट त्यांच्या वर्गातल्या पोरांना फार आवडते म्हणे. त्याने ना प्रार्थना पाठ केली, ना कुमसार (पापांची कबुली) केला, ना गरिबाला काही दिलं. एक पाऊलही येशूमागे टाकलं नाही. टाकणार कसं, पाय तर खिळलेले. माझी आठवण ठेव, एवढंच म्हणाला, आणि ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हा शब्द त्याला मिळाला. इतक्या उघडपणे तो येशूने दुसऱ्या कुणाला दिल्याचं शुभवर्तमानात नाही. आणि येशूचा शिष्य पेत्र? जाळी टाकून निघाला, गालीलभर फिरला, पाण्यावरसुद्धा चार पावलं चालला, आणि शेवटच्या रात्री शेकोटीपाशी तीनदा म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. चोराला तारण मिळालं, पण शिष्य व्हायला त्याच्याकडे दुपारही उरली नव्हती. पेत्र मात्र शिष्यच, नापास झाला तरी. कोंबडा आरवल्यावर रडला आणि पुन्हा त्याच वर्गात येऊन बसला.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातली एक बारीक गोष्ट मला चालताना पहिल्यांदा जाणवली. जो स्वतःचा वधस्तंभ उचलून माझ्यामागे येत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही, हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकतो. ते येशू बोलतो कुणाशी? त्याच्याबरोबर चालणाऱ्या मोठ्या जमावाशी. लूक लिहितो, तो मागे वळला आणि बोलला. म्हणजे ही मंडळी रस्त्यावर होतीच, त्याच्या मागून चालतच होती. त्यांनाच तो सांगतो की बुरूज बांधायच्या आधी खर्च मोजा. तारण होणार नाही अशी धमकी त्यात नाही. पण नुसतं मागून चाललात म्हणजे शिष्य झालात, ही समजूतही तो ठेवू देत नाही. बहिणीला वाटतं मी चालून तारण कमावते आहे. मला कुठेतरी वाटत होतं की चालते म्हणजे मी शिष्य आहे. त्या वाक्याने दोघींनाही खाली उतरवलं.

कोलवाळ येईपर्यंत ऊन चढलं. रस्त्यालगत एका हॉटेलवाल्याने आमच्या अख्ख्या रांगेला चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. गल्ल्यावर गणपती, दाराला तोरण. “सायबाक माझ्या नावान एक मेणबत्ती लावा,” म्हणाला. असे लोक वाटेवर जागोजाग भेटतात. नेमकं इथेच मला झेवियर आठवत राहिला, कारण त्याच्या हिशेबात हा हॉटेलवाला बसत नव्हता.

झेवियर १५०६ साली आजच्या स्पेनमधल्या नवारमध्ये एका किल्ल्यात जन्मला. म्हणजे आमच्यासारखाच, कळायच्या आधी बाप्तिस्मा झालेला. पॅरिसला शिकायला गेला. तिथे खोलीत वयाने मोठा, लंगडत चालणारा एक सोबती आला, इग्नेशियस लोयोला. त्याने वर्षानुवर्षं याचा पिच्छा पुरवला आणि हा तितकीच वर्षं टाळत राहिला, कारण याला पद हवं होतं, मान हवा होता. शेवटी १५ ऑगस्ट १५३४ला मोंमार्त्रच्या टेकडीवर सातजणांनी व्रत घेतलं, त्यांत हा होता. बाप्तिस्म्यापासून तिथपर्यंत अठ्ठावीस वर्षं. तारण आणि शिष्यत्व यांच्यात किती अंतर पडू शकतं हे बघायला मला धर्मशास्त्राचा ग्रंथ लागत नाही, हा एक माणूस पुरतो.

६ मे १५४२ला तो गोव्यात उतरला आणि त्याच वर्षी दक्षिणेला मोती काढणाऱ्या परवांच्या किनाऱ्यावर गेला. परवांचा बाप्तिस्मा काही वर्षांपूर्वीच उरकला होता, हजारोंनी. मोत्यांच्या धंद्यातल्या वैऱ्यांपासून पोर्तुगीज आरमाराचं संरक्षण हवं होतं, त्यासाठी अख्खी जात ख्रिस्ती झाली. शिकवायला मागे कुणी थांबलं नाही. झेवियरने त्यांना विचारलं, आधीपेक्षा आता तुम्हाला जास्त काय ठाऊक आहे? ते म्हणाले, आम्ही ख्रिस्ती आहोत. याउपर काही सांगता येईना. जानेवारी १५४४च्या पत्रात त्याने हे रोममधल्या सोबत्यांना कळवलं आहे. मग त्याने दोन्ही भाषा जाणणारी माणसं गोळा केली, क्रूसाची खूण, विश्वासांगीकार, ‘आमच्या बापा’, दहा आज्ञा तमिळमध्ये करवून घेतल्या, स्वतः पाठ केल्या आणि हातात घंटी घेऊन गल्लोगल्ली पोरं जमवायला लागला. पुढे निघताना गावात शिकवणारा माणूस नेमून जायचा.

त्याच पत्रात तो लिहितो की बाप्तिस्मा देऊन देऊन हात थकतात, तेच तेच म्हणून आवाज बसतो. पुढे त्रावणकोरात एका महिन्यात दहा हजारांहून अधिकांना बाप्तिस्मा दिल्याचं त्याने कळवलं. ही घाई कशाची? बाप्तिस्म्यावाचून मेलेला माणूस कायमचा गेला, अशी त्याची आणि त्याच्या काळाची पक्की समजूत होती. त्या भीतीने तो पळत होता. मला त्याची घाई कळते. पण भीतीने पळणारा माणूस दुसऱ्यालाही भीतीनेच हाकायला लागतो, आणि १५४६ साली याच झेवियरने पोर्तुगालच्या राजाला लिहिलं की गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचं न्यायालय, पाठवा. ते आलं १५६०मध्ये, त्याच्या मरणानंतर आठ वर्षांनी. बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या घरात जुन्या चालीरीती शिल्लक आहेत का ते हुडकणं हा इन्क्विझिशनचा मोठा उद्योग. घंटी वाजवून बोलावलेली पोरं शिष्य होऊ शकतात. चौकशीला बोलावलेली माणसं होत नाहीत. सायबाच्या नोव्हेनेला जाताना हे मनात आणावं की नाही, ठाऊक नाही. मी आणते.

बाप्तिस्म्यावाचून मेलेला कायमचा गेला, असं आज चर्च म्हणत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली स्पष्ट लिहिलं की स्वतःच्या दोषावाचून ज्यांना ख्रिस्ताची ओळख झालेली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. म्हणजे कोलवाळच्या हॉटेलवाल्याला दार बंद नाही. बहिणीला हे पटत नाही. ती विचारते, मग बाप्तिस्मा कशाला, मग तू ख्रिस्ती कशाला? तिचा प्रश्न चांगला आहे, आणि माझ्या मते त्याला एकच उत्तर उरतं: शिष्य व्हायला. दार जितकं रुंद होतं तितकी माझी सबब कमी होते. मी वाचले आणि शेजारी बुडाला, एवढ्या भांडवलावर मग ख्रिस्ती म्हणून जगता येत नाही.

खरं तर तारण कृपेनेच, यावर आमच्यात, कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांत, आता भांडणही फारसं उरलेलं नाही. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने जानेवारी १५४७मध्ये प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरच्या शिकवणीविरुद्ध आपला ठराव केला (झेवियर तेव्हा मोलुक्का बेटांत होता, त्याला पत्ताही नसणार). पण ३१ ऑक्टोबर १९९९ला आउग्सबुर्गमध्ये लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी एकत्र सही करून सांगितलं की देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेने, आपल्या कुठल्याही पुण्याईने नाही. सत्कर्मं त्यानंतर येतात. बहिणीने इफिसचं दहावं वचनही पाठवायला हवं होतं. त्यात सत्कर्मांचाच विषय आहे.

पुण्यात ऑफिसातले काहीजण आळंदीची वारी करतात. त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं होतं, चालून मागायचं काय असतं तुमच्यात? तुकोबांनी तर मुक्तीच नको म्हणून संतसंग मागितला. मी म्हटलं, आमच्यात मुक्ती आधीच हातात ठेवतात, नको म्हणायची सोय नाही. मग विचारतात, येतोस का माझ्यामागे? तो हसला, म्हणाला, हे तर जास्त अवघड झालं.

पणजी ओलांडली की रायबंदरची लांबलचक पाज, म्हणजे पाण्यालगतचा बांधरस्ता, लागते, १६३०च्या दशकात पोर्तुगिजांनी बांधलेली. एका बाजूला मांडवी, दुसरीकडे मिठागरं. आमची रांग तिथे पार विस्कटली. तेर्स म्हणायचं त्राण फक्त भोंग्यात उरलं होतं. जुन्या गोव्यात शिरलो तेव्हा नोव्हेनेच्या मिसेची (प्रार्थनाविधीची) गर्दी, खाज्यांच्या राशी, मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं विकायला मांडलेली. ज्याचं जे दुखतं ते विकत घेऊन वाहायचं. बॉम जेझू चर्चच्या आत, चांदीच्या पेटीत सायबाचा देह. त्याचा उजवा हात मात्र इथे नाही. १६१४ साली तो कापून रोमला नेला, तिथल्या जेझू चर्चमध्ये ठेवलाय. तोच हात, बाप्तिस्मा देऊन थकलेला. मला हे नेहमी विचित्र वाटतं, की रोमने जपला तो बाप्तिस्म्याचा हात. घंटीचं काय झालं, कुणी विचारत नाही.

पेटीकडे जाणारी रांग बाहेर अंगणात दोनदा वळून गेली होती. मावशींनी ती एकदा बघितली आणि पिशवीतून मेणबत्त्या काढून माझ्या हातात दिल्या. एक त्यांची, एक हॉटेलवाल्याची. सकाळी कपेलात पहिल्या कोमुन्यांवच्या (ख्रिस्तप्रसादाच्या) पोरांचा वर्ग होता. पणजीहून सावंतवाडीची एसटी चुकली तर तो बुडणार.

“मावशे, एवढा चलत इलास आणि सायबाक बघल्याशिवाय?”

“सायब खंय जाणत नाय,” त्या म्हणाल्या. “पोरां मात्र पळान जातली.” मग पणजीकडे जाणाऱ्या कदंबाच्या (गोव्याच्या एसटीच्या) बसमागे धावल्या आणि कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत आत चढल्या.