कॅशे क्लिअर करा, काका

तीन आठवडे मी एका सत्तरीच्या गृहस्थांना एकच मंत्र देत होतो: ‘काका, कॅशे क्लिअर करा.’ (कॅशे म्हणजे पुन्हा उतरवायला नको म्हणून ब्राउझरने जपून ठेवलेल्या फाइली.) ते करायचे, पान चालायचं, ‘धन्यवाद’ म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

मी सांभाळतो ती साइट इथल्याच, इंदूरच्या, एका मराठी मंडळाची. वधू-वर मेळाव्याच्या नोंदणीचं पान. ते उघडताच सभासदाच्या घरातल्या माणसांची यादी एजॅक्सने, म्हणजे पानामागून सर्व्हरवरून, येते आणि मग जन्मतारखेच्या प्रत्येक खान्याला कॅलेंडर जोडलं जातं. काकांकडे यादी यायची, पण कॅलेंडर काही उघडायचं नाही. खाना रीडओन्ली, त्यामुळे तारीख हाताने टाकायचीही सोय नाही. (ही अक्कल माझीच.)

माझ्या लॅपटॉपवर एकदाही बिघडलं नाही. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये (कुठली फाइल कशी आली ते तिथे दिसतं) स्टेटस 200, म्हणजे सगळं ठीक; जेसन, म्हणजे यादीचा डेटा, स्वच्छ. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी ‘आमच्याकडून ओके’ म्हणून हात झटकले. ते तर नेहमीच झटकतात, पण या वेळी बिचारे खरं बोलत होते.

शेवटी गुरुवारी रामबागेतल्या कार्यालयात जाऊन बसलो. शेव-जिरावण घातलेले पोहे आले. काका म्हणाले, ‘पहिल्या किकला चालू आणि दुसऱ्या किकला बंद, अशी स्कूटर पाहिलीस का रे कधी?’ हेच ते फोनवरही दोनदा म्हणाले होते. मी हसण्यावारी नेलं होतं.

त्यांच्या मशीनवर एफ-बारा दाबून पान रिफ्रेश केलं. कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो तिथे, लाल ओळ: ‘डेटपिकर इज नॉट अ फंक्शन’. म्हणजे कॅलेंडरचा कोडच सापडत नव्हता. शेजारी माझा लॅपटॉप, तेच पान, कॅलेंडर झकास उघडतंय. मग लक्ष गेलं. माझ्या नेटवर्क टॅबमध्ये ‘डिसेबल कॅशे’वर टिक होती, म्हणजे माझ्याकडे प्रत्येक फाइल दर वेळी नव्याने यायची. कधीपासून, देव जाणे.

आमचं कॅलेंडर जेक्वेरी नावाच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर चालतं. कन्सोलमध्ये तिची आवृत्ती विचारली. माझ्याकडे आधी 3.6.0, दोन-तीन सेकंदांनी तोच प्रश्न विचारला तर 1.7.2! पानाच्या तळाशी ‘आजवरचे पाहुणे’ मोजणारा काउंटर होता, माझ्या आधीच्या कुणीतरी चिकटवलेला. तो स्वतःची 2012 सालची जेक्वेरी सोबत घेऊन यायचा आणि आल्या आल्या डॉलरचं चिन्ह, म्हणजे कोडमध्ये जेक्वेरीला हाक मारायचं नाव, बळकावायचा. कॅलेंडरचं प्लगइन जोडलेलं 3.6.0 ला, या म्हाताऱ्या आवृत्तीला त्याची ओळखच नाही. असं होऊ नये म्हणून जेक्वेरीत ते चिन्ह आधीच्याला परत देणारं नोकॉन्फ्लिक्ट आहे, पण काउंटरवाल्याला ते लिहायचा कंटाळा.

कॅशे रिकामा असला की काउंटरची फाइल दूरच्या सर्व्हरवरून रखडत यायची, तोवर यादी येऊन कॅलेंडर जोडून मोकळं. फाइल कॅशेत असली की तीच आधी हजर. म्हणजे माझा उपाय दर वेळी खरंच लागू पडत होता, एका फेरीपुरता. आणि त्या टिकेमुळे मी कायम पहिल्या किकवरच होतो.

आमचा कोड एका फंक्शनात गुंडाळला, आपली जेक्वेरी सुरुवातीलाच त्यात पकडून ठेवली. पाच मिनिटांचं काम. काउंटरही उडवणार होतो, पण काका म्हणाले, ‘नको रे, अध्यक्षांनी हौसेने लावलाय, रोज आकडा बघतात.’ राहिला.

रात्री घरी येऊन ती टिक काढली. सकाळी सीएसएसमध्ये (पानाच्या रंगरूपाच्या फाइलीत) एक रंग बदलला, पानावर दिसेना. दहा मिनिटं डोकं खाजवलं आणि पुन्हा लावली.