तुम्ही विचारलंत म्हणून : पाणी किती दिवसांनी?

आमच्या पाचपाखाडीच्या घरी कुणी आलं की हॉलच्या खिडकीशी हमखास थबकतं. ग्रिलमधल्या कुंडीत जाड, पांढुरक्या, द्रोणासारख्या वळलेल्या पानांचं झाड आहे. बेगोनिया आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "आमच्याकडे बेगोनिया टिकतच नाही हो. तुम्ही पाणी किती दिवसांनी घालता?"

मी दिवस मोजत नाही, कुंडी उचलून बघते. हलकी लागली आणि बोट दोन पेरं आत घालूनही माती कोरडी निघाली, तर पाणी. तेही एकदाच भरपूर, खालच्या भोकातून वाहीपर्यंत. मे महिन्यात ही वेळ चार-पाच दिवसांनी येते. पावसाळ्यात कधीकधी पंधरा दिवस येत नाही.

हिचं नाव बेगोनिया वेनोसा, मूळची ब्राझीलची. कोवळं पान बोटांत धरलं तर धुऊन मऊ झालेल्या फ्लॅनेलसारखं लागतं. ती दाट लव ऊन परतवते, पानातलं पाणी सहजी उडू देत नाही, आणि पान स्वतःच पाणी धरून ठेवतं. सह्याद्रीतल्या ओल्या कातळांवर पावसाळ्यात गुलाबी फुलांची रानटी बेगोनिया उगवते ना, ती कोरड्या दिवसांत वरून पार नाहीशी होते, जमिनीतला कंद तेवढा उरतो. ती लपते, ही अंगावर गोधडी घेऊन उभी राहते. बेगोनियाच्या दोन हजारांवर जाती आहेत, त्यामुळे 'बेगोनियाला पाणी किती' याचं एक उत्तर असूच शकत नाही.

ठाण्यात ही झाडं तहानेने क्वचितच मरतात, मरतात ती ओलीने. जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट की कपडे वाळत नाहीत, मग कुंडी कुठून वाळणार? त्यात नर्सरीची लाल माती पावसात चिखल होऊन बसते. मी तिच्यात निम्म्याहून जास्त जाडी वाळू, परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे) आणि विटांचे बारीक तुकडे मिसळते, आणि कुंडी मातीचीच घेते, लहान. सकाळचं दोन तास ऊन पुरतं. पानांवर पाणी फवारू नका, लवेवर डाग पडतात.

दोन वर्षांपूर्वी गणपतीला आम्ही दहा दिवस कोकणात होतो. किल्ली शेजारच्या काकूंकडे होती. परत आले तर पानं लोंबत होती. पाहताक्षणी कुणालाही वाटावं, तहानलंय. मी तांब्या भरलाही होता. पण कुंडी उचलली तर जड! बुंधा दाबला, तो पिकल्या केळ्यासारखा बोटाखाली दबला. काकूंनी रोज आठवणीने, मायेने पाणी घातलं होतं. त्यांना मी काही बोलले नाही. ब्लेडने खोड वरवर कापत गेले, आतला गर स्वच्छ हिरवट दिसेपर्यंत. तीन शेंडे हाती लागले. ते एक दिवस सावलीत सुकवून वाळू-परलाइटमध्ये खोचले, ओल कोंडू नये म्हणून वर पिशवी झाकली नाही. एक कुजला. दोघांनी दीड महिन्याने मुळं धरली. आज खिडकीत दिसतं ते त्यातलंच एक.

एक गोष्ट मात्र नीट बघत जा. खोडाभोवती कांद्याच्या सालीसारखे कोरडे पापुद्रे असतात. दिसायला सुंदर, पण पिठ्या ढेकूण नेमका त्यांच्या आड बसतो. आणि पांढऱ्या लवेवर त्याचा पांढरा कापूस दिसतच नाही! दर रविवारी मी चष्मा लावून पापुद्रे उचलून पाहते, सापडला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकाडीने टिपते.

दुसरं रोप काकूंच्या खिडकीत आहे. त्या आता पाणी घालण्याआधी कुंडी उचलून बघतात. तुम्हालाही कटिंग हवं असेल तर जरूर देईन, फक्त पाऊस जाऊ द्या. आत्ता कापलं तर कुजेल.