टी, एम०६ आणि एच, ही गाठ आपणच बांधायची असते

व्हीएमसीवर (प्रोग्रामवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशिनवर) नवीन आलेल्या पोरांना मी सगळ्यात आधी एकच विचारतो, प्रोग्राममध्ये टी०५ आलं की मशिन काय करतं? बहुतेक जण म्हणतात पाच नंबरचं टूल लावतं. नाही लावत. आर्मवाल्या मशिनवर, म्हणजे जिथे एक हात टूल बदलतो, टी०५ वाचलं की फक्त मॅगझिन (टूल ठेवायची फिरती जागा) फिरतं आणि पाच नंबरचं टूल आर्मसमोर येऊन थांबतं, स्पिंडलमधलं (टूल धरून फिरवणाऱ्या भागातलं) टूल तिकडे निवांत कटिंग करत असतं. अदलाबदल होते ती एम०६ ला. आणि एवढं होऊनही त्या टूलची लांबी किती हे कंट्रोलला (मशिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) कळलेलं नसतं, ते कळतं जी४३ एच०५, म्हणजे पाच नंबरच्या नोंदीतली लांबी घे, हे वाचल्यावर.

म्हणजे निवड, बदल आणि लांबी ही तीन वेगळी कामं आहेत आणि फॅनकसारख्या कंट्रोलवर एच चुकीचा टाकला तरी मशिन साधारणपणे अडवत नाही. समजा पाच नंबरचं टूल १५० एमएम आहे, सहा नंबरचं ११० आणि प्रोग्राम कॉपी-पेस्ट करताना पाचच्या खाली एच०६ राहून गेलं. कंट्रोल समजणार टूल ११० चं आहे. तुम्ही लिहिलंय रॅपिडने (न कापता, पूर्ण वेगाने) झेड ५ ला, म्हणजे जॉबच्या ५ एमएम वर ये, तर टीप प्रत्यक्षात ४० एमएम जास्त खाली, म्हणजे जॉबच्या आत ३५ एमएम जायला बघणार, तेही रॅपिडमध्ये! म्हणून माझा आग्रह असतो की टूल नंबर, एच नंबर आणि रेडियस कॉम्पेन्सेशनचा (टूलच्या त्रिज्येच्या भरपाईचा) डी नंबर एकच ठेवा आणि नवीन प्रोग्रामचा पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबत), रॅपिड ओव्हरराइड (रॅपिडचा वेग) कमी करून, डिस्टन्स टू गो वर (किती अंतर उरलंय त्या आकड्यावर) नजर ठेवूनच चालवा.

आता वेळ वाचवायची गोष्ट. टी०५ एम०६ झालं की लगेच खालच्या ओळीत पुढच्या टूलचा टी०६ लिहून ठेवायचा, पाच नंबर कापत असताना मॅगझिन सहा नंबर शोधून ठेवतं आणि चेंजच्या वेळी वाट बघावी लागत नाही. पण इथे काही जण एक घोळ करतात, टी०६ वर येऊन गेलाय म्हणून पुढे नुसतं एम०६ लिहितात. प्रोग्राम वरून खालपर्यंत सलग चालला तर सगळं ठीक, पण ड्रिल तुटलं, ऑपरेटरने मधूनच सायकल सुरू केली, तर त्या वेळी आर्मसमोर जे टूल असेल तेच स्पिंडलमध्ये येणार. त्यापेक्षा प्रत्येक टूलच्या सुरुवातीला पूर्ण टी०६ एम०६ लिहा, टूल आधीच तयार असेल तर वेळ जात नाही. त्याच्या खाली जी९० (मापं शून्यापासून धर), जी५४ (जॉबचा शून्य), स्पीड, जी४३, कूलंट, सगळं परत लिहा, चार ओळी वाढल्या तर वाढू देत. कुठल्याही टूलपासून प्रोग्राम उचलता आला पाहिजे, नाईट शिफ्टला एकटा असलेला ऑपरेटर त्याच भरवशावर असतो.

आर्मवाल्या मशिनवर आणखी एक, बाहेर आलेलं जुनं टूल बहुतेक वेळा नवीन टूलच्या रिकाम्या पॉटमध्ये (मॅगझिनमधल्या खान्यात) जातं, त्यामुळे दोन दिवसांत पॉट नंबर आणि टूल नंबर यांचा मेळ राहत नाही, हिशोब मशिन आपल्या टेबलमध्ये ठेवतं. म्हणून पॉटवरचा आकडा बघून हाताने मॅगझिनमध्ये टूल घालू नका, टूल कॉल करून स्पिंडलमधूनच लोड करा. अंब्रेला टाइपमध्ये (आर्म नसलेल्या, छत्रीसारख्या मॅगझिनमध्ये) हा प्रश्न नाही, तिथे टूल आपल्याच पॉटमध्ये परत जातं आणि मगच मॅगझिन फिरतं, त्यामुळे तिथे पुढचा टी आधी लिहून फायदाही नाही.

टर्निंगला (लेथवर) एम०६ सहसा लागतच नाही. टी०३०३ म्हटलं की टरेट (टूल धरणारी फिरती चकती) तीन नंबरवर इंडेक्स होतो, म्हणजे फिरून थांबतो, आणि शेवटचे दोन आकडे ऑफसेट (टूलच्या मापाची नोंद) घेतात. त्या दोन आकड्यांचा मला फार उपयोग वाटतो. एकाच बोअरिंग बारने दोन बोअर मारायचेत, दोन्हींची टॉलरन्स वेगळी, तर एकाला टी०३०३ आणि दुसऱ्याला टी०३१३ द्या, म्हणजे एकाचं साइज वेअर ऑफसेटमध्ये (झिजेसाठीच्या बारीक दुरुस्तीत) ०.०२ ने हलवलं तर दुसरा बोअर जागचा हलत नाही. फक्त इंडेक्स कुठे करताय ते बघा, सगळ्यात लांब टूल कुठलं हे धरून टरेट तेवढा मागे घ्या.

आणि टूल निवडताना कमी कसे लागतील हे आधी बघा. एम१० चा टॅप आहे, ८.५ चं ड्रिल लागणार, त्याआधी छोटा खड्डा पाडायला सेंटर ड्रिल सवयीने सगळेच टाकतात. पण १४० डिग्री पॉइंटचं सॉलिड कार्बाइड ड्रिल असेल तर ९० डिग्रीच्या सेंटरमध्ये त्याचे बाहेरचे कोपरे आधी टेकतात आणि चिप होतात, तिथे सेंटर ड्रिल काढूनच टाका. फिक्स्चरवर चार जॉब असतील तर जी५४ ते जी५७ (प्रत्येक जॉबला एक शून्य) असे चारही जॉब एका टूलने उरकून मगच पुढचं टूल घ्या, जॉबमागे तीन टूल धरले तर बारा चेंजच्या जागी तीनच होतात.